स्टेप गरुड काय खातो?

पंख पसरले की दोन मीटर भरणारा स्टेप गरुड चालत शिकार करतो, यावर सहज विश्वास बसत नाही. कझाकस्तान, रशिया, मंगोलियाच्या गवताळ मैदानांत तो भुईखारींच्या बिळाशी तासन् तास ठिय्या देतो आणि खार बाहेर आली की झडप घालतो. पिल्लांची वाढ बव्हंशी अशा खारींवरच होते. त्या कमी झाल्या की वीणही घटते.

हिवाळ्यात तो दक्षिणेकडे स्थलांतर करतो, आणि तिथला आहार आणखी अनपेक्षित. आफ्रिकेत पावसानंतर पंख फुटलेली वाळवी जमिनीतून बाहेर पडते, आणि हा धिप्पाड पक्षी जमिनीवर फिरत ती कोंबडीसारखा टिपत राहतो. क्वेलिया या धान्यखाऊ पक्ष्यांच्या वसाहतींत शिरून पिल्लंही मटकावतो. दुसऱ्या शिकारी पक्ष्याचा घास हिसकावणं तर नेहमीचंच! ऐटीची कल्पना आपली. त्याला पोटाशी मतलब.

भारतात येणारे बरेच स्टेप गरुड मेलेल्या गुरांवर जगतात. बिकानेरजवळच्या जोडबीडला, जिथे मेलेली गुरं-उंट टाकतात, ते गिधाडांच्या पंगतीला दिसतात. धोकाही तिथेच आहे. गिधाडांचा घात करणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक याही गरुडाचं मूत्रपिंड निकामी करतं, हे राजस्थानात मेलेल्या पक्ष्यांच्या तपासणीतून दिसलं. जनावरांसाठी त्यावर २००६मध्ये बंदी आली, पण माणसांसाठीचं औषध चोरवाटेनं गुरांपर्यंत पोचत राहिलं. २०१५पासून ही जात जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे.