मदत मागायची, पण कोणत्या लिपीत?

वर्धा, हिंगणघाट, आर्वीतली मुलं संगणक शिकायला लागली की कधीतरी ‘विम’ या मजकूर-संपादकाशी (टेक्स्ट एडिटर) त्यांची गाठ पडतेच. तो उघडून टंकायला लागावं, तर अक्षरं उमटत नाहीत. भलतंच काहीतरी घडतं. कारण त्यात कळ दाबली की आधी आज्ञा समजली जाते. मजकूर लिहायचा असेल तर ‘आय’ दाबून लेखन-अवस्थेत जावं लागतं.

ही रीत १९७६च्या सुमाराची. बिल जॉय यांनी विमचा पूर्वज ‘व्हीआय’ लिहिला, तेव्हा मोडेम अतिशय मंद होते. कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम उरकणं ही गरज होती. १९९१ साली ब्रॅम मोलेनार यांच्या ‘विम’ने तीच रीत पुढे चालवली.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण मात्र दुहेरी आहे. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असेल, तर ‘आय’च्या कळेवर ‘ग’ येतो. मदतीसाठी कोलन देऊन ‘हेल्प’ टंकावं, तर संगणकाकडे ‘छपातज’ पोहोचतं. मदतीचं दारच बंद! एवढ्यावरून मुलं स्वतःला ‘ढ’ ठरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोष त्यांचा नाही, रचनेचा आहे.

उपाय आहे. विमच्या ‘लँगमॅप’ या सेटिंगमध्ये देवनागरी कळांची ‘आय’सारख्या एका कळेच्या आज्ञांशी जोडी लावता येते; कोलननंतरचं ‘हेल्प’ मात्र इंग्रजी कळफलकावरच टंकावं लागतं. लँगमॅप लावण्याआधी इंग्रजी कळफलक ठेवून ‘विमट्यूटर’ चालवा. अर्ध्या तासाचा धडा आहे. आणि शिक्षकांनो, पहिल्याच तासाला विममधून बाहेर कसं पडायचं ते शिकवा : एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.