रिकाम्या डिरेक्टऱ्यांचा धडा

सोर्स कोडपासून स्वतःची लिनक्स प्रणाली बांधायला घेतली, की सुरुवातीच्या आज्ञांमधून एकही प्रोग्राम तयार होत नाही. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या प्रकल्पाचे पुस्तक समोर ठेवून काम करणारा विद्यार्थी कोऱ्या पार्टिशनवर आधी नुसत्या रिकाम्या डिरेक्टऱ्या करतो: ‘एट्सी’, ‘व्हार’, ‘यूएसआर’ आणि तिच्या पोटात ‘बिन’, ‘लिब’, ‘एसबिन’. ही पायरी बहुतेक जण आज्ञा जशाच्या तशा चिकटवून उरकतात, कारण खरे काम पुढे कंपायलरपासून सुरू होते अशी समजूत असते. यवतमाळ आणि पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांनी नेमके इथेच रेंगाळावे, असे माझे मत आहे. फाइल कोणाची, ती कोणी बदलायची आणि बिघाड झाला तर कुठे शोधायचे, हे सगळे या रिकाम्या मांडणीतच ठरून जाते.

या मांडणीला लिखित नियम आहेत. त्यांची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९४ मध्ये आली आणि ‘फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड’ या नावाने त्यांची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. नियमांचा गाभा दोन प्रश्नांत आहे. ही फाइल अनेक संगणकांना सामाईक वापरता येईल, की ती या एकाच यंत्राची आहे? आणि ती स्थिर आहे, की चालू कामात बदलत राहते? घड्याळाचे उदाहरण घ्या. जगभरच्या कालविभागांची माहिती ‘/यूएसआर/शेअर/झोनइन्फो’मध्ये असते, कारण ती कुठल्याही यंत्रावर सारखीच. पण यवतमाळच्या प्रयोगशाळेतल्या या संगणकाने त्यातली ‘एशिया/कोलकाता’ हीच फाइल धरावी, हा निर्णय त्या एका यंत्रापुरता. म्हणून ‘एट्सी’मध्ये ‘लोकलटाइम’ नावाचा एक दुवा तेवढा केला जातो. मराठीचेही तसेच. महिन्यांची नावे, तारखेची पद्धत सांगणारी मराठीची व्याख्या साध्या मजकुराच्या रूपात ‘शेअर’मध्ये राहते, ती कंपाइल झाली की तिचे तयार रूप ‘/यूएसआर/लिब/लोकेल’मध्ये जाते. एकाच भाषेची दोन रूपे दोन ठिकाणी का, याचे उत्तर पाठ करावे लागत नाही, मांडणीच ते देते.

यात प्रशासकाची केवढी सोय आहे, हे आपल्याकडच्या महसुली दप्तरावरून कळेल. वणीचा तलाठी उमरखेडला बदलून गेला तरी त्याला सातबारा नव्याने शिकावा लागत नाही, कारण गाव नमुना सात आणि बारा यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत तेच असतात. अनोळखी लिनक्स सर्व्हरसमोर बसलेला माणूसही नोंदी ‘/व्हार/लॉग’मध्ये आणि सेटिंग ‘एट्सी’मध्ये सापडतील, हे धरूनच हात घालतो.

डिरेक्टरी करताना तिचे अधिकारही ठरतात, आणि माझ्या मते इथला सगळ्यात मोलाचा भाग तोच. बहुतेक डिरेक्टऱ्यांना ७५५ हे अधिकार मिळतात: मालकाने लिहावे, इतरांनी वाचावे. ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या घरच्या डिरेक्टरीला ०७५०, म्हणजे परक्याला आत डोकावताही येत नाही. ‘टेम्प’ला मात्र १७७७ लागते. तिथे कोणीही लिहू शकतो, पण सुरुवातीच्या त्या एकामुळे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही. एकाच सर्व्हरवर अख्खा वर्ग काम करत असेल, तर तो एक आकडा किती कामाचा आहे हे वेगळे सांगायला नको. उलट बाजूही पाहा. नव्या प्रणालीचे ठिकाण ‘एलएफएस’ नावाच्या चलात साठवलेले असते. मध्येच वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू झाला, की ते चल रिकामे होते. ते न तपासता मालकी बदलण्याची पुढची आज्ञा रूट म्हणून दिली, तर चालू संगणकाच्याच ‘यूएसआर’ आणि ‘एट्सी’ची मालकी दुसऱ्या वापरकर्त्याकडे जाते. म्हणून एंटर दाबण्याआधी चलाची किंमत छापून पाहायची. ही सवय हाताला लागली की ती पुढे नोकरीतही सुटत नाही.

आक्षेप येतो, की ही रचना तर्कातून नव्हे, अपघातातून आली. त्यात तथ्य आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या पीडीपी-११ यंत्राची डिस्क अपुरी पडली, तेव्हा प्रोग्राम वापरकर्त्यांच्या फायली असलेल्या ‘यूएसआर’मध्ये सरकवले गेले आणि दोन ‘बिन’ झाल्या. पण हा दोष सुधारण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१२ मध्ये दोन्ही एकत्र केल्या, डेबियन या दुसऱ्या वितरणाने २०२३च्या आवृत्तीत तीच रचना बंधनकारक केली, आणि ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’मध्येही मुळाशी असलेल्या ‘बिन’, ‘लिब’, ‘एसबिन’ आता केवळ दुवे आहेत. ‘/बिन/एसएच’ हा पत्ता गृहीत धरणाऱ्या असंख्य जुन्या स्क्रिप्ट त्यामुळे मोडल्या नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निक्सओएस ही प्रणाली हे नियम बाजूला ठेवते, प्रत्येक प्रोग्राम ‘/निक्स/स्टोअर’मध्ये स्वतंत्र ठेवते आणि एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या सुखाने नांदवते. तिची कल्पना मला सरस वाटते. तरीही तिला ‘/बिन/एसएच’ आणि ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह’ हे दोन पत्ते राखावेच लागले. संकेत मोडणाऱ्यालाही तो आधी नीट माहीत असावा लागतो.

रोजच्या वापराला तयार वितरणच बरे, हे मान्यच आहे. हाताने बांधलेल्या प्रणालीत अद्ययावतीकरणाचा सगळा भार आपल्यावर पडतो. पण शिकण्यासाठी लागते ते फार नाही: किमान १० जीबीचे पार्टिशन, ऐसपैस काम करायचे तर ३० जीबी, आणि एकदा उतरवून पेनड्राइव्हवरून वर्गभर वाटता येणारा सोर्स कोड. त्यानंतर इंटरनेट नसले तरी बांधकाम चालते. जिल्ह्यातल्या प्राध्यापकांना एवढीच विनंती, की ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांतले एक पूर्ण सत्र या डिरेक्टऱ्यांना द्यावे आणि प्रत्येकीपुढे तिची जागा तिथे का, तिचे अधिकार तेवढेच का, याचे कारण विद्यार्थ्याकडून त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.