छायाचित्र कोणाच्या खात्यात?

बँकेतून निवृत्त झाल्यानंतर एका सेवाभावी संस्थेचे हिशेब पाहण्याचे काम मी आनंदाने स्वीकारले. सारी उमेद आकड्यांत घालवलेल्या माणसाला दुसरे काय येणार? ही संस्था दरवर्षी जूनमध्ये गरजू विद्यार्थ्यांना वह्या आणि दप्तरे देते. प्रत्येक खर्चाला पुरावा हवा, हा माझा जुना बाणा. म्हणून कार्यकर्त्यांना मीच बजावले होते, ‘‘वाटपाचे फोटो काढा. प्रत्येक मुलाचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. व्हाउचरला जोडता येतील.’’

कार्यकर्त्यांनी सूचना तंतोतंत पाळली. त्यातला एक चांगला उतरलेला फोटो उत्साहाच्या भरात बाजारपेठेतल्या चौकात फ्लेक्सवर लागला. देणगीदार हसतमुखाने दप्तर पुढे करीत आहेत आणि सातवीतला एक मुलगा ते घेत आहे, असा तो फोटो. मुलाची नजर खाली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

आठवड्याभराने त्या मुलाचे वडील कार्यालयात आले. मार्केट यार्डात हमाली करणारे गृहस्थ. दाराशीच हात जोडून म्हणाले, ‘‘साहेब, वह्या लई कामाला आल्या, तुमचे उपकार हायेत. पण तेवढा बोर्ड काढा. पोरगं शाळेत जाईना झालंय.’’

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवला. फोनाफोनी पसरलेला फोटो मात्र कोणालाच उतरवता आला नाही. वडिलांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते मनाला अधिक लागले. मी मागितलेल्या पावतीची किंमत त्या मुलाने मोजली होती.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. माणसांची छायाचित्रे काढणे हेच ज्यांचे आयुष्यभराचे काम, ते हा हिशेब कसा मांडतात? लग्नसमारंभातले किंवा स्टुडिओतले छायाचित्रकार मला अभिप्रेत नाहीत. माणसे जशी जगतात, राबतात, सोसतात, त्याची कॅमेऱ्याने नोंद ठेवणारे, ज्यांना डॉक्युमेंटरी छायाचित्रकार म्हणतात, ते. त्यांनी आपल्या कामाविषयी जे सांगून ठेवले आहे, ते मी सवडीने वाचू लागलो. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

अर्थशास्त्रज्ञाचा कॅमेरा

सर्वप्रथम जवळचे वाटले ते ब्राझीलचे सेबास्तियाओ सालगाडो, कारण ते मूळचे अर्थशास्त्राचे. लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत त्यांना उत्तम नोकरी होती आणि कामानिमित्त आफ्रिकेचे दौरे होत. पत्नी लेलिया यांनी घेतलेला कॅमेरा त्यांच्या हाती आला आणि १९७३ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडून छायाचित्रणाला वाहून घेतले. आपल्यासारख्या घरांत असा निर्णय कोणी जाहीर केला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांना करता येईल!

अर्थशास्त्र मात्र त्यांनी सोडले नाही. ब्राझीलमधील सेरा पेलादा या सोन्याच्या खाणीत १९८६ मध्ये त्यांनी काढलेली चित्रे जगप्रसिद्ध आहेत. चिखलाने माखलेली हजारो माणसे पाठीवर मातीची पोती घेऊन लाकडी शिड्यांवरून वर चढताना त्यांत दिसतात. सोन्याचा भाव आपण रोज पाहतो. त्या भावामागची पाठ त्यांनी दाखवली. हाताने होणाऱ्या श्रमांवरील त्यांच्या ‘वर्कर्स’ या १९९३ च्या ग्रंथात धनबादचे कोळसा कामगारही आहेत.

त्यांच्या सांगण्याचा गाभा असा, की चांगले छायाचित्र घाईत मिळत नाही. माणसांत जाऊन राहावे लागते, त्यांचा दिवस आपला करावा लागतो. अमेरिकेचे यूजीन स्मिथ हेही याच पंथाचे. १९४८ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकासाठी कोलोरॅडोतील एका खेड्यातल्या डॉक्टरांचे जीवन टिपण्यासाठी ते तेवीस दिवस त्यांच्याबरोबर सावलीसारखे राहिले. आरंभी तर त्यांनी कॅमेऱ्यात फिल्मच घातली नव्हती, असे सांगतात. डॉक्टरांना कॅमेऱ्याची सवय व्हावी, एवढाच हेतू. आमच्या वाटपाचा कार्यक्रम तासाभरात उरकला होता.

सालगाडो यांच्यावर टीकाही झाली. सुझन सोनटाग या विदुषींनी २००३ च्या आपल्या पुस्तकात एक मार्मिक आक्षेप घेतला. स्थलांतरितांच्या त्यांच्या चित्रांखाली त्या दीनदुबळ्या माणसांची नावे नाहीत. थोरामोठ्यांचा फोटो असला की नाव छापले जाते. गरिबाचा असला की ‘एक कामगार’, ‘एक निर्वासित’ एवढ्यावर भागते. हा आक्षेप वाचला आणि आमचा फ्लेक्स डोळ्यांपुढे आला. देणगीदारांचे नाव मोठ्या अक्षरांत होते. मुलाचे नाव कोठेच नव्हते.

नाव न विचारलेली आई

नावाच्या या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण नव्वद वर्षांपूर्वीचे आहे. अमेरिकेत महामंदीने शेतकरी आणि शेतमजूर देशोधडीला लागले होते. त्यांची स्थिती नोंदवण्यासाठी सरकारने काही छायाचित्रकार नेमले. डोरोथिया लँग त्यांपैकी एक. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या किंचित लंगडत चालत.

मार्च १९३६ मध्ये महिनाभराचे काम आटोपून त्या मोटारीने घरी निघाल्या होत्या. कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. दमलेल्या असल्याने त्या पुढे गेल्या. मनाची घालमेल होत राहिली आणि सुमारे वीस मैलांवरून त्या परत फिरल्या. पिकावर गारठा पडून ते नष्ट झाले होते आणि मजुरांना काम उरले नव्हते. एका तंबूत मुलांसह बसलेल्या आईजवळ जात जात त्यांनी पाच-सहा छायाचित्रे घेतली. शेवटच्या चित्रात आईचा हात गालाशी आहे, दोन मुले तिच्या खांद्यांत तोंड लपवून आहेत आणि मांडीवर तान्हे मूल आहे. ‘मायग्रंट मदर’ या नावाने हे चित्र जगभर गेले.

लँग यांनी १९६० मध्ये हा प्रसंग स्वतः लिहिला. त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे, की मी तिचे नाव विचारले नाही, पूर्ववृत्तही विचारले नाही. वय मात्र तिने सांगितले, बत्तीस.

चित्राचा परिणाम मोठा झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात ही छायाचित्रे येताच सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड अन्न पाठवले. जिच्या चेहऱ्याने हे घडवले, ती आई मात्र कुटुंबासह तोवर तेथून निघून गेली होती. तिच्या पदरात काहीच पडले नाही.

तिचे नाव जगाला कळले १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. या छायाचित्राने मला काहीही दिले नाही, अशी त्यांची खंत होती. चित्र सरकारच्या मालकीचे असल्याने लँग यांनाही त्यातून मानधन मिळत नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. पुढे १९८३ मध्ये फ्लॉरेन्स आजारी पडल्या, उपचारांसाठी मुलांनी आवाहन केले आणि लोकांनी पस्तीस हजार डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

लँग यांचा हेतू निर्मळ होता आणि चित्राने हजारोंचे भले केले, यात शंका नाही. तरीही माझ्यातला खतावणी लिहिणारा माणूस अडतो. लाभ एकाच्या खात्यात आणि नावे दुसऱ्याच्या, अशी नोंद कितीही सत्कार्यासाठी केली तरी ताळेबंद जुळत नाही.

परत केलेली ठेव

ज्यांनी हा ताळेबंद जुळवण्याचा प्रयत्न केला, त्यांची हकिकत जपानमधली आहे. मिनामाता हे समुद्रकाठचे गाव. तेथील रासायनिक कारखान्याने पाऱ्याचे विष खाडीत सोडले, ते मासळीतून माणसांच्या शरीरात गेले आणि गर्भातली बालकेही पंगू झाली. १९७१ मध्ये यूजीन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी आयलीन तेथे गेले. तीन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि तीन वर्षे राहिले. १९७२ च्या जानेवारीत कंपनीच्या आवारात स्मिथ यांना जबर मारहाण झाली, तरी त्यांनी काम सोडले नाही.

तेथेच त्यांनी तोमोको कामिमुरा या मुलीचे छायाचित्र घेतले. जन्मतःच विषबाधा झालेल्या आपल्या लेकीला आई पाण्यात धरून स्नान घालते आहे, तिच्या चेहऱ्याकडे मायेने पाहते आहे. चित्र आईवडिलांच्या संमतीने घेतले होते. आपल्या मुलीवर जे ओढवले ते इतरांच्या मुलांवर ओढवू नये, ही त्यांची इच्छा होती. १९७२ मध्ये ते ‘लाइफ’मध्ये छापले गेले आणि मिनामाताचे दुःख जगाला कळले.

तोमोको १९७७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेली. पुढच्याच वर्षी स्मिथ गेले. चित्र मात्र पुस्तकांतून, प्रदर्शनांतून फिरतच राहिले. आईवडिलांना वाटू लागले, की लेकीने पुष्कळ केले, आता तिला विश्रांती मिळावी. कायद्याने हक्क आयलीन यांच्याकडे होता. त्या कुटुंबाला भेटल्या आणि १९९८ मध्ये त्या छायाचित्राविषयीचा निर्णय त्यांनी आईवडिलांच्या हाती सोपवला. त्यानंतर अनेक वर्षे ते नव्याने छापले गेले नाही.

बँकेत आम्ही ठेव आणि मालमत्ता यांतला भेद पहिल्याच वर्षी शिकतो. ठेव आपल्या तिजोरीत असते, आपण ती वापरतोही; पण ती आपली नसते, आणि ठेवीदार मागायला आला की द्यावी लागते. जगातल्या एका अत्यंत गाजलेल्या छायाचित्राला आयलीन यांनी ठेव मानले. कायद्याचे बंधन नसताना मानले, याचे मोल मला अधिक वाटते.

कॅमेरा खाली ठेवणे

आपल्याकडच्या होमाई व्यारावाला यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १९१३ मध्ये नवसारीला एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. सुरुवातीची त्यांची काही छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. तेव्हा नाव गमावणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. सत्तांतराचा सारा काळ त्यांनी दिल्लीत टिपला.

आमच्या पिढीला काही नियम होते, असे त्या मुलाखतींतून सांगत. समारंभाला साजेसा पोशाख असावा, अंतर राखावे, कोणाचा अवमान होईल असा क्षण टिपू नये. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि उर्मटपणा पाहून १९७० मध्ये, ऐन नावलौकिकात, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यानंतरची चार दशके त्या व्यवसायाकडे फिरकल्या नाहीत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, २०१२ मध्ये वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.

थांबावे कोठे, हे कळणे हाही कौशल्याचा भाग आहे. सालगाडोही रवांडातील १९९४ च्या नरसंहारानंतर मनाने आणि शरीराने खचले आणि काही काळ कामापासून दूर झाले. वडिलांच्या उजाड झालेल्या जमिनीवर पतीपत्नींनी झाडे लावायला घेतली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेने तेथे वीस लाखांहून अधिक झाडे लावली. त्या जंगलाने सावरल्यावर ते पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले.

आपल्या हातातला कॅमेरा

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ब्लँकेट वाटप, फळवाटप, शिष्यवृत्ती, रुग्णसेवा, आपण जे जे करतो त्याचे छायाचित्र पाच मिनिटांत गटागटांवर जाते. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, माझाही होता.

आमच्या संस्थेत आता रीत बदलली आहे. वाटपाचा पुरावा म्हणून दुकानदाराचे बिल आणि मुख्याध्यापकांचे सहीशिक्क्याचे पत्र जोडतो. लेखापरीक्षकांना ते पुरते; इतकी वर्षे ते का सुचले नाही, याचे माझे मलाच आश्चर्य वाटते. फोटो घ्यायचा तर आधी विचारायचे, तो कोठे लागणार हे सांगायचे आणि नंतर कोणी ‘काढा’ म्हणाले तर कारण न विचारता काढायचा. यंदा अहवालाच्या मुखपृष्ठावर वह्यांचे गठ्ठे आहेत. एकदोन देणगीदारांनी कुरकुर केली. त्यांना मी हमालदादांचा प्रसंग सांगितला. ते पुढे काही बोलले नाहीत.

तो मुलगा शाळेत पुन्हा जाऊ लागला, असे त्याच्या वडिलांकडून कळले. या जूनमध्ये त्याचे दप्तर शाळेमार्फतच पोहोचले. संस्थेच्या कार्यक्रमाला तो आला नाही, आणि आम्हीही त्याला बोलावले नाही.