दंड भरला, लग्न टिकले

चोरून लावलेले लग्न खरे मानावे की नाही, आणि ते लावणाऱ्यांना शासन काय करावे, हा प्रश्न प्रत्येक समाजाला केव्हा ना केव्हा सोडवावा लागला आहे. कोणी म्हणाले, असे लग्न मुळी झालेच नाही. कोणी म्हणाले, झाले ते झाले, आता आशीर्वाद देऊन मोकळे व्हा. स्कॉटलंड देशाच्या कायद्याने मात्र तिसरीच वाट धरली. त्याने अशा जोडप्याला तुरुंगात घातले, जबर दंड केला, परंतु त्यांचे लग्न मोडले नाही. ही वाट कशी निघाली आणि तिने कोणाचे रक्षण झाले, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

या गोष्टीचे मूळ मध्ययुगातील ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. त्या कायद्याप्रमाणे विवाहाचा प्राण म्हणजे वधूवरांची संमती. पोप तिसरे अलेक्झांडर (११५९ ते ११८१) यांच्या निर्णयांनी हे तत्त्व पक्के झाले. ‘या घटकेपासून तू माझी पत्नी’ असे पुरुष बोलला आणि स्त्रीनेही तसाच होकार दिला की विवाह झाला. पुढे लग्न करीन असे वचन दिले आणि त्यावर विसंबून दोघे पतिपत्नीप्रमाणे एकत्र आली, तरीही विवाह झाला. देवळात आगाऊ घोषणा व्हावी, असा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने सर्वत्र लागू केला होता. तथापि तो मोडणारा दंडास पात्र होई. त्याचे लग्न केवळ त्या कारणाने रद्द होत नसे.

यातून पुष्कळ अनर्थ ओढवले. चार भिंतींआड दिलेला शब्द पुरुषाने नाकारला, तर स्त्रीने पुरावा कोठून आणावा? म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ठरविले की, धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि दोन किंवा तीन साक्षीदार यांच्यासमोर न झालेला विवाह हा विवाहच नव्हे. हा निर्बंध जेथे रीतसर जाहीर होईल तेथे लागू व्हावयाचा होता. आपल्याकडे गोव्यात १५६७ साली भरलेल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ट्रेंटच्या ठरावांची अंमलबजावणी हाती घेतली.

स्कॉटलंडच्या पार्लमेंटने मात्र १५६० सालीच पोपमहाराजांचा अधिकार झुगारून दिला होता. साहजिकच ट्रेंटचा नवा नियम त्या देशाच्या कायद्यात शिरला नाही व जुना नियम तसाच राहिला. केवढे हे नवल! ज्या देशाने पोपमहाराजांना नाकारले, त्याच देशाने त्यांच्या दरबारात घडलेला जुना विवाहकायदा पुढे पावणेचारशेहून अधिक वर्षे सांभाळला.

परंतु नव्या प्रॉटेस्टंट धर्मसभेला शिस्त हवी होती. लग्नापूर्वी तीन रविवार घोषणा व्हावी आणि विवाह अधिकृत पाळकानेच लावावा, हा तिचा आग्रह. तो मोडणाऱ्यांसाठी पार्लमेंटने १६६१ साली कडक कायदा केला. चोरून लग्न करणाऱ्यास तीन महिने कैद. शिवाय दंड, तोही दर्जाप्रमाणे. सरदाराला एक हजार स्कॉटिश पौंड, जहागीरदाराला एक हजार मर्क, अशा पायऱ्या उतरत उतरत साध्या शेतकऱ्याला शंभर मर्क. मर्क हे नाणे स्कॉटिश पौंडाच्या दोन तृतीयांश किमतीचे होते आणि बारा स्कॉटिश पौंड म्हणजे इंग्लंडचा एक पौंड. या हिशेबाने शंभर मर्क म्हणजे सुमारे साडेपाच इंग्लिश पौंड. नांगरावर पोट भरणाऱ्या माणसाला हा भार लहान नव्हता. दंडाची रक्कम त्या त्या गावच्या धर्मकार्यासाठी वापरावयाची होती. लग्न लावणाऱ्याला तर देशातून कायमची हद्दपारी, आणि परत आल्यास मरणाची शिक्षा.

या कायद्यात आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. अनधिकृत विवाह लावणाऱ्यांच्या यादीत पदच्युत पाळकांबरोबर येशूसंघीय आणि कॅथोलिक धर्मगुरू यांचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे आपल्याच धर्मगुरूसमोर श्रद्धेने विवाहबद्ध झालेले कॅथोलिक जोडपेही कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरत असे. स्कॉटलंडमधील कॅथोलिक धर्मगुरूंना उघडपणे विवाह लावण्याची मुभा मिळाली ती १८३४ साली.

गावपातळीवरचे शासन निराळे होते. तेथे पाळक व वडीलधारी मंडळी यांचे एक पंचमंडळ असे. त्याला ‘कर्क सेशन’ म्हणत. जोडप्याने चोरून लग्न केल्याची कुणकुण लागली की त्यांना बोलावणे येई. लग्न कोणी लावले? साक्षीदार कोण? कागद कोठे आहे? पुरावा पटला तर कानउघाडणी होई, गरिबांच्या पेटीत दंड पडे, आणि यापुढे ही दोघे पतिपत्नी होत अशी नोंद वहीत केली जाई. पुरावा पटला नाही तर प्रकरण व्यभिचाराचे ठरे. मग भर देवळात, सर्व गावासमोर, पश्चात्तापाच्या आसनावर रविवारमागून रविवार बसावे लागे. गर्भवती मुलीच्या दृष्टीने या दोन निकालांत केवढे अंतर होते, हे सांगावयास नकोच.

येथेच या कायद्याचे मर्म आहे. ज्याने लग्न केले त्यालाच चोरून लग्न केल्याबद्दल दंड होऊ शकतो. तेव्हा दंडाची नोंद हाच लग्नाचा दाखला झाला! लोकांनी हे लवकरच ओळखले. पुढे पुढे कित्येक जोडपी आपण होऊन न्यायाधीशापुढे जात, ‘आम्ही नियम मोडून लग्न केले’ असा कबुलीजबाब देत, लहानसा दंड भरत आणि निकालाची नक्कल जपून घरी नेत. ग्लासगोजवळचे रदरग्लेन हे गाव अशा लग्नांसाठी प्रसिद्ध झाले. शिक्षा म्हणून निघालेली गोष्ट अशा रीतीने संरक्षण होऊन बसली.

शेजारच्या राज्यांनी काय केले तेही पाहू. इंग्लंडने १७५३ साली कायदा केला की अँग्लिकन देवळात रीतसर न लागलेले लग्न रद्द. त्यातून केवळ ज्यू व क्वेकर पंथीय यांना सूट होती. कॅथोलिकांना नव्हती, ती अडचण पुढे १८३६ च्या कायद्याने दूर झाली. म्हणूनच घरच्यांचा विरोध असलेली इंग्लिश जोडपी सरहद्द ओलांडून स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीन गावी धाव घेत. आयर्लंडमध्ये तर १७४५ च्या कायद्याने कॅथोलिक धर्मगुरूने लावलेला प्रॉटेस्टंट व कॅथोलिक यांचा मिश्रविवाह सर्वस्वी रद्द ठरविला होता. अशा ठिकाणी नियम मोडल्याचे प्रायश्चित्त निरपराध मुलांना अनौरस ठरून भोगावे लागे. स्कॉटलंडने कॅथोलिकांना दंड केला खरा, पण त्यांच्या बायकांना रखेली म्हटले नाही.

तरीही गुप्ततेचे विष कायद्याने पुरते उतरत नाही, याचे एक उदाहरण देतो. १८०४ साली जॉन विल्यम हेन्री डॅलरिंपल हा घोडदळातील तरुण अधिकारी पलटणीबरोबर एडिंबरोला आला. तेथे जोहाना गॉर्डन हिच्याशी त्याचा स्नेह जुळला. दोघांनी एकमेकांस पतिपत्नी म्हणून कागदावर लिहून दिले आणि वडिलांच्या भीतीने ते गुप्त ठेवले. १८०८ साली त्याने इंग्लंडमध्ये लॉरा मॅनर्स हिच्याशी राजरोस लग्न केले. जोहानाने आपले कागद घेऊन लंडनच्या धर्मन्यायालयात दाद मागितली. सर विल्यम स्कॉट यांनी १८११ साली निकाल दिला की, लग्न स्कॉटलंडमध्ये झाले, तेव्हा तेथीलच कायदा लागू. जोहाना हीच खरी पत्नी. एका स्त्रीला न्याय मिळाला. पण त्याच निकालाने दुसरी, जिचा काडीचाही अपराध नव्हता, एका दिवसात पत्नीपदाला मुकली.

केवळ परस्पर शब्दावर होणारा विवाह स्कॉटलंडमध्ये १ जुलै १९४० पासून बंद झाला. चारचौघांत पतिपत्नी म्हणून राहण्याने सिद्ध होणारा विवाह मात्र २००६ पर्यंत मान्य होता.

या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, मुलाबाळांच्या संसाराचा पायाच उखडून टाकण्यापेक्षा रीत मोडणाऱ्याला शासन करणे अधिक न्यायाचे होय. दुसरी ही की, ज्या स्त्रीला लिहिता येत नव्हते, तिच्याजवळ जोहानासारखे कागद कोठून असणार? तिचा कागद म्हणजे पंचांची वही. तिच्यासाठी घोषणा, साक्षीदार आणि नोंद हा कोरडा विधी नव्हता. उद्या नवऱ्याने पाठ फिरवली तर ‘मी त्याची बायको आहे’ असे ठणकावून सांगण्याचे तिचे तेच एक बळ होते. विवाहाची संमती दोघांची खरी. परंतु ती ऐकणारे कान मात्र गावाचे असावेत.