एक्सएसएलटीमधील ‘की’ : विखुरलेल्या नोंदींची फेरिस्त

ज्या एक्सएमएल दस्तऐवजात ग्रंथांच्या नोंदी एकीकडे, लेखकांच्या दुसरीकडे आणि दोहोंना जोडणारा केवळ एक क्रमांक, अशी मांडणी असते, त्याचे रूपांतर करताना प्रत्येक ग्रंथासाठी लेखकांची सबंध यादी पुनःपुन्हा धुंडाळणे हा मार्ग प्रथम सुचतो खरा, परंतु नोंदी सहस्रावधी झाल्या की तो असह्य मंद ठरतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या एक्सएसएलटी १.० मध्येच यावर ‘एक्सएसएल:की’ हा उपाय आहे. दप्तरखान्यातील फेरिस्तीप्रमाणे, कोणत्या नोंदी घ्यावयाच्या हे ‘मॅच’ने आणि त्या कोणत्या मूल्यावरून शोधावयाच्या हे ‘यूज’ने एकदाच ठरते, पुढे ‘की()’ या फंक्शनला ते मूल्य दिले की त्या मूल्याच्या जितक्या नोंदी असतील तितक्या साऱ्या हाती येतात.

या ‘साऱ्या’ येण्यातच, माझ्या मते, तिचे खरे वैभव आहे. ओरॅकलमधील स्टीव्ह मुएंच यांच्या नावाने ओळखली जाणारी गट पाडण्याची पद्धत त्यावरच उभी आहे : प्रत्येक नोंदीची ‘जनरेट-आयडी()’ने मिळणारी ओळख त्याच मूल्याच्या पहिल्या नोंदीच्या ओळखीशी ताडून पाहावी, जुळल्यास तेथे नवा गट आरंभावा आणि त्याचे सभासद ‘की()’कडूनच मागवावेत. किती निर्मळ युक्ती!

२००७ च्या २.० आवृत्तीत गटांसाठी ‘फॉर-ईच-ग्रुप’ आले. परस्परसंबद्ध नोंदी जोडण्यास मात्र मी आजही ‘की’च पसंत करतो. संबंधित नोंदी दुसऱ्या फाइलमध्ये असतील, तर २.० पासून ‘की()’ला तिसरे आर्ग्युमेंट म्हणून त्या फाइलचा मूळ नोड द्यावा.