सुटे रिम, पहिली ग्रां प्री

वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात मी वाढलो. रिमला घट्ट बसलेला टायर सोडवताना त्यांच्या हातांना फोड यायचे. म्हणूनच रेनॉ या मोटार कंपनीच्या शर्यतींच्या इतिहासातलं १९०६ हे वर्ष मला सर्वांत जवळचं.

फ्रान्समधल्या ल माँची ती पहिली ग्रां प्री. दोन दिवस, सुमारे १,२३८ किलोमीटर, उन्हानं वितळणारं डांबर. टायर बदलायचा तो चालकानं आणि सोबतच्या मेकॅनिकनंच. बहुतेकांना तो सुरीनं कापून काढावा लागे. रेनॉच्या मागच्या चाकांना मात्र मिशलँचे सुटे रिम होते : नट सोडा, टायरसकट रिम बदला. रेनॉचा चालक फेरेंत्स सिस अर्ध्या तासाहून अधिक फरकानं जिंकला. तीनच वर्षांपूर्वी संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनॉ पॅरिस-माद्रिद शर्यतीत मृत्युमुखी पडले होते.

१९७९मध्ये टर्बो इंजिनाचा पहिला फॉर्म्युला वन विजयही रेनॉचाच. तरी माझ्या लेखी मोठा विजय त्या सुट्या रिमचा.