बेटकुळी खाली घसरली, तर खांदा तपासा
कष्टाचे सांधे : लेखांक 7

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार उघडला, की खांद्यांची दोन कामे सुरू होतात. रस्त्यावर हमाल गाठी उतरवतात, हातगाडीवर चढवतात. दुकानात नोकर वरच्या फळीवरचे ताके काढून गिऱ्हाइकापुढे उलगडतो. एकाच्या हाताला ओझे असते, दुसऱ्याचा हात दिवसभर डोक्याच्या वर जातो. अशी कामे वर्षानुवर्षे केलेल्यांचा खांदा पुढच्या बाजूने दुखू लागला, तर दुखणे एकट्या बायसेप्सचे आहे असे समजून थांबू नये.

मागील लेखांकात रोटेटर कफची ओळख झाली. फऱ्यापासून निघून दंडाच्या हाडाचा गोलवा धरून ठेवणारे हे चार स्नायू : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. बायसेप्स, म्हणजे दंडातली बेटकुळी, या चौघांत मोडत नाही. पण तिची लांब कंडरा थेट खांद्याच्या सांध्यात शिरते, गोलव्यावरून वळसा घेते आणि दंडाच्या हाडावरच्या अरुंद खाचेतून खाली उतरते. खाचेच्या तोंडाशी तिला जागेवर ठेवणारी पट्टी अस्थिबंधांची असते आणि त्यात सुप्रास्पायनेटस व सबस्कॅप्युलॅरिस यांचे तंतूही मिसळलेले असतात.

बेटकुळीच्या आणि कफच्या दुखण्यांचे नाते इथेच जुळते.

सबस्कॅप्युलॅरिसची वरची कड फाटली, की ही पट्टी सैल पडते. कंडरा खाचेतून आतल्या बाजूला सरकते आणि हात फिरेल तशी हाडाच्या कडेवर घासत राहते. विहिरीच्या काठावर घासणाऱ्या दोरासारखी ती आधी सुजते, मग तिचे तंतू सुटतात. सुप्रास्पायनेटस फाटला, तर वरचे संरक्षण जाते आणि हात उचलताना कंडरा हाडांमध्ये दाबली जाते. वाढते वय, धूम्रपान आणि मधुमेह यांनी दोन्ही ठिकाणच्या कंडरा कमजोर होतात.

या आजाराची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुखणे अचानक कमी होणे. कित्येक महिने खांदा ठणकतो, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मग एक दिवस ओझे उचलताना ‘कट्’ आवाज होतो, दंड काळानिळा पडतो, बेटकुळी कोपराकडे घसरून गोळा होते. झिजलेली कंडरा तुटली, तिच्यावरचा ताण संपला, म्हणून ठणका उतरतो. माणूस बरे झालो असे समजून कामाला लागतो. कोपर वाकवणारे इतर स्नायू शाबूत असल्याने काम निभावतेही. पेचकस फिरवताना मात्र जोर कमी पडतो. फाटलेला रोटेटर कफ तसाच राहतो. तो बराच काळ दुर्लक्षिला गेला, तर स्नायू आखडतो, त्यात चरबी भरते आणि पुढे टाका घालणे अवघड होते.

साध्या एक्स-रेत कंडरा दिसत नाहीत. म्हणून हाताची ताकद तपासून, गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी लागते. तळवा पोटावर दाबून कोपर पुढे ठेवता येत नसेल, तर डॉक्टरांना सबस्कॅप्युलॅरिसचा संशय येतो.

फाटलेला प्रत्येक कफ शस्त्रक्रियेलाच न्यावा लागतो असे नाही. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या 96 जणांची एमआरआय केली होती. साठीपुढच्यांपैकी 54 टक्के लोकांच्या कफमध्ये अंशतः किंवा पूर्ण चीर आढळली. जुन्या, झिजेच्या दुखण्यात आधी व्यायामोपचार दिले जातात. इजा होताच हात उचलेनासा झाला, तर मात्र दिवस घालवू नयेत. शस्त्रक्रियेत कफ शिवताना खराब झालेली बायसेप्सची कंडरा वरून सोडवतात किंवा दंडाच्या हाडाला नव्याने बांधतात. 2005 मध्ये फ्रान्सच्या जिल वॉल्श यांनी कफ शिवता न येणाऱ्या किंवा न शिवलेल्या 307 खांद्यांत नुसती कंडरा सोडवल्याचे निष्कर्ष मांडले. बहुसंख्य रुग्णांचे दुखणे कमी झाले, कफची चीर मात्र त्याने भरून आली नाही.

बरे व्हायला वेळ लागतो. मार्च 2006 मध्ये सचिन तेंडुलकरच्या उजव्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडिजचा दौरा हुकला आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याने नाबाद 141 धावा काढल्या. कफ शिवल्यावर जड ओझ्याला महिनोन्‌महिने हात लावता येत नाही. रोजीवर जगणाऱ्या हमालाला हे महिने परवडत नाहीत, म्हणून ओझ्याची मर्यादा हाही उपचाराचाच भाग ठरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एका वेळी उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो आहे. महाराष्ट्रात हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदाही आहे. गाठ दोघांनी मिळून उचलणे, ओझे अंगाजवळ धरणे आणि रोज लागणारे ताके छातीच्या उंचीवरच्या फळीत ठेवणे, एवढे बदल गांधीबागेतल्या कोणत्याही दुकानात उद्यापासून करता येतील.

पुढील लेखांकात : मधुमेह आणि आखडलेला खांदा.